पाण्याच्या रकान्यातलं ‘खाली’

समजा, मे महिना आहे आणि दुपारचा दीड वाजला आहे. जयपूरच्या दक्षिणेला, फागीच्या पुढे, बांडी नदीच्या कोरड्या पात्रात तुम्ही एक अठ्ठावीस वर्षांची डिझेल जीप उभी केली आहे, कारण तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. तुम्ही बॉनेट उघडलंत. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, कारण आत उकळतं पाणी दाबाखाली आहे आणि ते थेट तोंडावर येईल. म्हणजे पाऊण तास नुसतं थांबायचं. तेवढ्या वेळात ठरवायचं, की गाडी तापली का? पाणी कमी पडलं? पाणी आहे पण फिरत नाही? फिरतं आहे पण त्याला वारा लागत नाही? की इंजिनाच्या आतच काही फाटलं आहे? या चारही दुखण्यांची लक्षणं आत्ता सारखीच दिसतात: वाफ, शिट्टीसारखा आवाज आणि तापलेल्या लोखंडाचा वास. सांगा, आधी काय बघाल?

मुरलीधरकाका आधी घड्याळ बघतात आणि वही काढतात.

काका मूळचे अकोल्याचे. केंद्र सरकारच्या भूजल खात्यात होते. एकतीस वर्षांपूर्वी बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर मानसरोवरमध्येच राहिले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. माझं शिक्षण मेकॅनिकलचं आहे हे कळल्यापासून ते जिन्यातच अडवून विचारतात, “काय रे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असला तर वरचा पाइप आधी तापते का खालचा?” सकाळी आठला, जगतपुऱ्याची बस चुकत असताना, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

नोकरीत असताना काका फागीकडच्या चौदा विहिरींमधली पाण्याची पातळी मोजायचे. खात्याने पुढे त्या विहिरी यादीतून काढल्या, तरी काकांनी मोजणं सोडलं नाही. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, वादळ-पाऊस होण्याआधी, ते चौदाही विहिरींत टेप सोडतात. चोवीस वर्षांत एक मे चुकलेला नाही. त्यासाठीच त्यांनी खात्याची जुनी जीप लिलावात घेतली. चौदांतल्या चार विहिरी नदीच्या पलीकडे आहेत आणि तिथे जायला वाळूतूनच जावं लागतं. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर वाळू बघून हात जोडतो.

“एक वर्ष नाही मोजलं तर काय होते हो?” मंजुषाकाकूंनी माझ्यासमोर त्यांना विचारलं होतं.

“चोवीस ठिपक्यांची रेघ आहे. त्यातला एक ठिपका नसला, तर पुढचा माणूस म्हणेल, यानं त्या वर्षी घरी बसून अंदाजानं लिहिलं असेल. मग बाकीच्या तेवीसवरही त्याचा भरोसा राहत नाही.”

यंदा जीप तापायला लागली ती नऊ मेला. विहिरींकडे जाण्याआधी काका रस्ता बघायला एक फेरी मारतात, त्या फेरीत. गावात, हायवेवर काटा मध्यावर असायचा. वाळूत, खालच्या गिअरमध्ये, दहाच्या वेगाने चालवलं की वीस मिनिटांत लाल.

हे दुखणं मला आवडलं, हे कबूल करतो. गाडी हायवेवर तापत असेल तर रेडिएटर तुंबलेला असतो, असा साधारण अंदाज असतो. हळू आणि जोर लावून चालताना तापत असेल तर पंखा किंवा पाण्याचा पंप. काकांनी मात्र अंदाज चालू दिले नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग वाळूत जाऊन बघायचं, मग लिहायचं. त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, काढून काकूंच्या दुधाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरला आणि तो ब्याऐंशी अंशांना उघडतो हे पाहिलं. ते पातेलं काकूंनी परत स्वयंपाकघरात घेतलं नाही. पंख्याचा नवा पट्टा बसवला. बारा मेला परत वाळूत, परत लाल. रेडिएटर सोडवून धुऊन आणला. पंधरा मेला परत लाल.

दर फेरीला वहीत एक ओळ. तारीख, किलोमीटर, गिअर, काटा, पाणी. शेवटच्या रकान्यात तीनही दिवस एकच शब्द होता: खाली.

अठरा मेला काकांना भाचीच्या लग्नाला अकोल्याला जायचं होतं. चार दिवस. त्यांनी जीप न्यू सांगानेर रोडच्या मागे कजोडजींच्या गॅरेजात लावली. कजोडजी मिस्त्री साठीचे, हात चांगला, आणि काकांशी त्यांची दहा वर्षांची ओळख. काकांनी वही सीटवर ठेवली आणि म्हणाले, “इसमें सब लिखा है. पढ लेना, फिर हाथ लगाना.”

“पढ लूंगा साब. आपकी मराठी तो हमारी ही है. आप भी पाणी को पाणी बोलते हो, हम भी.”

त्यावर दोघेही हसले होते, असं काकांनी नंतर मला सांगितलं. सांगताना मात्र ते हसत नव्हते.

बावीसला सकाळी काका स्टेशनवरून परस्पर गॅरेजात गेले. मीही तिथे पोहोचलो, शनिवार होता. जीपचं बॉनेट उघडं आणि इंजिनाचं डोकं गायब. वरचा अख्खा भाग, ज्याला सगळे हेड म्हणतात, उतरवलेला. चार सिलिंडर उघडे, वर फडकं झाकलेलं.

काका फडक्याकडे बघत राहिले. “ये किसने कहा था?”

“आपने,” कजोडजी म्हणाले.

“मैंने?”

कजोडजींनी हात पुसून वही आणली, पान उघडलं आणि काळं बोट ठेवलं. “ये देखो. पाणी, खाली. नौ तारीख, खाली. बारह, खाली. पंद्रह, खाली. तीन बार रेडिएटर खाली हो गया. और मैंने दस मिनट चालू रखके देखा, जमीन पर एक बूंद नहीं. तो पाणी गया कहां? इंजन पी गया. गॅस्केट गई.”

यात मिस्त्रीची चूक शोधून दाखवा. पाणी संपतं आहे आणि बाहेर गळत नाही, तर ते आत जळतं आहे. हेड आणि इंजिन यांच्यामधली पातळ गॅस्केट फाटली की असंच होतं. मला कोणी ही माहिती दिली असती तर मीही हेच म्हटलं असतं.

“अरे, खाली माने नीचे!” काका ओरडले.

“कौन नीचे?”

“पाणी नीचे! गाडी के नीचे! टपक रहा था, कजोडजी!”

“तो टपक रहा था लिखते.”

“मराठी में खाली माने नीचे होता है!”

कजोडजींनी एकदा वहीकडे, एकदा काकांकडे पाहिलं. “और खाली को क्या बोलते हो फिर?”

“रिकामं.”

“ये तो कभी सुना नहीं. दस साल से आपकी सुन रहा हूं.” मग थोडं दुखावल्यासारखं, “मैंने अपने मन से नहीं खोला साब. आपका फोन नहीं लगा तो बिटिया को फोटो भेजी थी. उसने भी कहा, खाली ही लिखा है.”

आम्ही घरी आलो तेव्हा वल्लरी जेवायला बसली होती. काकांची मुलगी, एकोणतीस वर्षांची, सी-स्कीममध्ये एका ऑफिसात काम करते. जन्मापासून जयपूरची.

“बाबा, त्यांनी विचारलं, इसमें खाली ही लिखा है ना? मी हां म्हटलं. खालीच होतं ना लिहिलेलं!”

“अगं पण खाली म्हणजे काय?”

“खाली मतलब... खाली. रिकामं.”

“आई तुले खाली बस म्हणते, तेव्हा तू रिकामी बसते का?”

वल्लरीला हसू आलं, पण बाबांचा चेहरा बघून तिने ते आवरलं. “बोलताना खाली म्हणजे नीचे, ते मला कळतं बाबा. पण लिहिलेलं असलं की माझ्या डोक्यात ते हिंदीच होतं. शाळेत तसंच वाचायला शिकले ना मी. तुम्ही कधी मराठीत चिठ्ठी पण नाही लिहिली मला. व्हॉट्सअॅपवर पण गुड मॉर्निंग पाठवता.”

काकू भाकरी वाढत होत्या, त्या म्हणाल्या, “मले विचारलं असतं तर मी तिसरंच सांगितलं असतं.”

“काय?”

“मले वाटलं, पातळी खाली गेली. तुमच्या विहिरींच्या वह्यांत तसंच असते ना. एकवीस मीटर खाली, बावीस मीटर खाली.”

काकांचा घास हातात राहिला. मला वाटतं, खरा धक्का त्यांना गॅरेजात बसला नव्हता, तो इथे बसला. कारण काकूंचंही बरोबर होतं. भूजलवाल्यांचं सगळं मोजणं जमिनीपासून खाली असतं. चाळीस वर्षं त्यांच्या हाताने ‘पाणी’ या शब्दापुढे दुसरं काही लिहिलंच नव्हतं. नोकरीत असताना हाताखालच्या लोकांच्या वह्या ते याच कारणाने परत पाठवायचे: कशापासून खाली, किती खाली, ते लिहा. आणि स्वतःच्या जीपच्या वहीत त्यांनी तीन वेळा नुसतं ‘खाली’ लिहून ठेवलं होतं.

जेवण अर्धवट टाकून ते वही घेऊन बसले. नऊ मे: वाटेतल्या एका मंदिराच्या दगडी फरशीवर गाडी उभी केली होती, पुढच्या चाकांच्या मधे थेंब पडत होते, स्पष्ट आठवतं. म्हणजे गाडीखाली. पंधरा मे: घरी आल्यावर पार्किंगमध्ये ओला डाग पडला होता, काकूंनी त्यावर पाय घसरल्याची तक्रार केली होती. म्हणजे गाडीखाली. बारा मे?

“बाराला मी वाळूत होतो,” काका म्हणाले. “वाळूत थेंब कुठं दिसते? मग मी काय पाहून खाली लिहिलं?”

“पातळी पाहिली असेल,” मी म्हटलं.

“म्हणजे पाणी कमी झालं होतं, आणि गळताना दिसलं नव्हतं.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गॅस्केट मीच फाडली. “मग कजोडजी बरोबर असतील.”

प्रश्न साधा होता आणि आता तो सोडवता येत नव्हता. पाण्याच्या पंपाचं सील झिजलं की पाणी फक्त इंजिन तापल्यावर आणि जोरात फिरल्यावर गळतं. थंड गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवली तर जमीन कोरडीच राहते. त्यामुळे कजोडजींना थेंब दिसला नाही. काकांच्या सांगण्यावरून पंप उतरवला, तर त्याची दांडी बोटाने हलवली तरी हलत होती. पंप गेला होता, यात शंका नव्हती. पण गॅस्केटही गेली होती का? अठ्ठावीस वर्षांची गॅस्केट काढतानाच तिचे तुकडे झाले होते. काकांनी ते भंगाराच्या डब्यातून शोधून काढले आणि भिंग लावून पाहिले. एका तुकड्यावर काळा पट्टा होता. तो जुना की नवा, उतरवताना फाटला की आधी, हे कजोडजी सांगू शकले नाहीत, मीही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा काकांचा नियम. आता दोन्ही बदलाव्या लागणार होत्या.

हेड घासून सपाट करायला दिलं होतं. ते दुकान लग्नसराईत तीन दिवस बंद. काका रोज सकाळी गॅरेजात जायचे, उघड्या इंजिनासमोर स्टुलावर बसायचे आणि परत यायचे. पंचवीस तारीख गेली, सत्तावीस गेली. आभाळ दुपारनंतर पिवळट व्हायला लागलं. इथे मेच्या शेवटी आंधी येते, धुळीचं वादळ, आणि तिच्या मागून कधी तासभर सरी. ते पाणी ओढ्यावाटे विहिरींत उतरलं की वर्षाचं खरं तळ गाठलेलं माप हातातून गेलं.

“अहो, किती चिडून राहिले,” काकू म्हणाल्या. “भाजीत मीठ नाही तरी बोलले नाही आज.”

“मीठ नव्हतं?”

“नव्हतं.”

एकोणतीस मेला संध्याकाळी जीप मिळाली. तीसला पहाटे पाचला काका निघाले आणि वल्लरी शेजारी बसली. काकांनी नको म्हटलं, तर ती म्हणाली, “वही मी लिहिणार. तुम्ही बोला, मी लिहिते.” रविवार असल्याने मागच्या सीटवर मी होतो, पाण्याचे तीन कॅन धरून.

सकाळ चांगली गेली. अलीकडच्या दहा विहिरी अकरापर्यंत झाल्या. काका टेप सोडायचे, आकडा ओरडायचे आणि वल्लरी लिहायची. तिसऱ्या विहिरीवर तिने विचारलं, “बाबा, खाली लिहू की नीचे?”

“जमिनीपासून मीटर खाली. पूर्ण लिही.”

“पूर्ण लिहिलं तर रकाना पुरत नाही.”

“मग रकाना मोठा कर!”

काटा मध्यावर होता. दहाव्या विहिरीनंतर नदीकाठी पोहोचेपर्यंत दोन किलोमीटर वाळू लागते. त्या वाळूत काटा मध्याच्या वर सरकला. लाल पट्टीपासून लांब, पण सकाळी होता तिथे नाही. काकांनी नदीच्या काठावर गाडी थांबवली. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. एवढ्या उन्हात काटा तेवढा वर जाणं मला साधं वाटलं, मी तसं म्हटलंही.

पाऊण तास थांबून काकांनी झाकण उघडलं. बोट घातलं. मग गाडीखाली आडवे झाले, पुढच्या चाकांच्या मधे कोरडा पुठ्ठा सरकवून परत इंजिन चालू करायला सांगितलं, जोरात फिरवायला सांगितलं. दहा मिनिटांनी पुठ्ठा ओढून काढला. कोरडा.

“लिही,” ते वल्लरीला म्हणाले. “रेडिएटरच्या तोंडापासून पाणी दोन बोटं खाली. गाडीखाली पुठ्ठा कोरडा.”

“म्हणजे काय बाबा?”

“म्हणजे दोनपैकी एक. हेड बसवताना आत हवा अडकते. ती निघून गेली की पातळी दोन बोटं उतरते, त्यात काही बिघाड नाही. नाहीतर पाणी आत जाऊन राहिलं.”

“मग पाणी भरू आणि जाऊ ना. चारच राहिल्या.”

समोर पात्र होतं, दीड किलोमीटर वाळू. त्यापुढे नऊ किलोमीटर कच्ची वाट, तिथे फोन लागत नाही. काका एकटे असते तर गेले असते, असं मला वाटतं. त्यांनी वल्लरीच्या हातातल्या अर्ध्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, रेडिएटर तोंडापर्यंत भरला आणि गाडी वळवली.

“बाबा, मी सांगते ना, चला!”

“तू गप बस जरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचं झाकण उघडलं, तर भरलेलं पाणी होतं तिथेच होतं. त्याच सोमवारी भर दुपारी काका साठ किलोमीटर चालवून आले. पाणी होतं तिथेच. मंगळवारी पहाटे नदीकडे जायचं ठरलं. पण सोमवारी संध्याकाळीच आंधी आली आणि फागीकडे चांगला तासभर पाऊस झाला. पलीकडच्या एका शेतकऱ्याने काकांना फोन करून आनंदाने सांगितलं, की साब, कुएं में पाणी आ गया.

कजोडजींनी निकाल दिला: “हवा थी साब, निकल गई. आप बेकार में लौट आए.”

काकांनी वहीत चार रकाने कोरे सोडले. त्यापुढे कारण काय लिहावं यावर त्यांचं आणि वल्लरीचं अजून एकमत नाही. ‘वाहन बिघाड’ लिहिलं तर खोटं, कारण बिघाड होता की नाही हेच माहीत नाही. परवा जिन्यात त्यांनी मला परत अडवलं. मी म्हटलं, काका, जीप आता ठीक आहे, जूनमध्ये नदी ओलांडून बघू, कळेल.

“जूनमध्ये कळेल ते जूनचं. वाळू ओली, हवा थंड.” ते कठड्याला धरून उभे होते. “तू शिकलेला आहेस, हिशेब करून सांग मले. त्या दिवशी, त्या उन्हात, त्या पाण्यावर मी नदी ओलांडली असती, तर काटा कुठवर गेला असता?”